पोराचा ताप साधा व्हायरल की सिरियस, कसं ओळखायचं? ऑक्सिमीटर पण सुचवा (बजेट १५००)

रेवाची_आई: मुलगी ७ वर्षांची, आम्ही चुनाभट्टीला. महिन्यापूर्वी घरात सगळ्यांना करोना झाला, हिला जेमतेम दोन दिवस सर्दी होती. आता आज चौथा दिवस ताप, १०३ पर्यंत जातो. पोट दुखतंय, काल चारदा जुलाब, डोळे लाल पण चिपडं नाहीत. डेंगी निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, दोन दिवस बघू. रात्री लक्ष ठेवायला ऑक्सिमीटर कुठला घेऊ?

भांडुपकर: साडेतीन हजारवालाच घ्या, मी २०२१ ला घेतला, अख्ख्या बिल्डिंगने वापरला, अजून चालू आहे. स्वस्तातल्यात आकडे नाचतात.

मीनल७८: आधी थर्मामीटर घ्या, काखेतला साधा डिजिटल. कपाळावरची गन आमच्याकडे ९८ दाखवायची नि पोरगं भट्टीसारखं तापलेलं.

भांडुपकर: गन वाईट नसते, सेल बदलायला हवे होते तुम्ही.

परळची_सिस्टर: ताई, ऑक्सिमीटर राहू दे. मी ११ वर्षं मुलांच्या वॉर्डात आहे. करोनानंतर २ ते ६ आठवड्यांनी काही मुलांच्या आतल्या अवयवांना सूज (दाह) येते, एमआयएस-सी म्हणतात, आता फार कमी दिसतं पण दिसतं. यात ऑक्सिजन बरेचदा नॉर्मल असतो, त्रास हृदयाला होतो. पोटदुखीमुळे अपेंडिक्स समजून सर्जनकडे पाठवलेली मुलं मी पाहिलीत. आत्ता हात-पाय गार आहेत का बघा, बोटाचं टोक ५ सेकंद दाबून सोडा, २ सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. शू शेवटची कधी केली? मूल नुसतं पडून आहे का? यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), ट्रोपोनिन (हृदयाला इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल. सीआरपीचं युनिट नीट बघा, कुणी डेसिलिटरला मोजतं, कुणी लिटरला, म्हणून एका लॅबचा ३ म्हणजे दुसऱ्या लॅबचा ३०. आमच्या परळला मुलांच्या वाडिया हॉस्पिटलात न्या.

मीनल७८: प्लेटलेट कमी आल्या तर पपईच्या पानांचा रस द्या, आमच्या धाकट्याला दिला होता.

परळची_सिस्टर: नको हो, जुलाबात तर अजिबात नको. आणि ॲस्पिरिन घरच्या घरी देऊ नका कुणी.

ठाणेकर_बाबा: पुतण्याला हेच झालेलं. एका प्रायव्हेटमध्ये तीन दिवस टायफॉइड म्हणून सलाईन लावत बसले, एको केलाच नाही, अजून राग जात नाही. मग इम्युनोग्लोबुलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीजचं इंजेक्शन, शिरेतून) दिलं, किलोला २ ग्रॅम, २० किलोच्या पोराला ४० ग्रॅम, कर्ज काढलं आम्ही. स्टेरॉइड पण दिलं. पोरगं आता क्रिकेट खेळतंय.

कांदिवली_वेस्ट: उगाच घाबरवू नका त्यांना. डॉक्टर दोन दिवस म्हणालेत ना, मग दोन दिवस थांबा.

भांडुपकर: ऑक्सिमीटर तरीही घरात हवाच.

रेवाची_आई: बोट दाबून बघितलं, ४ सेकंद लागले. दुपारपासून शू नाही. वाडिया नाही, सायन हॉस्पिटलला नेतोय, रिक्षाने जवळ पडतं आम्हाला. निघालो.

रेवाची_आई: सायनला ॲडमिट केलंय. सीआरपी १४०, एकोत हृदयाचं पंपिंग ४५ टक्के, म्हणजे नॉर्मलपेक्षा कमी आलं, आयसीयूत आहे. औषध सुरू झालंय, पहाटे शू झाली. सिस्टर, तुम्ही शूचं विचारलंत म्हणून आम्ही उठलो.