'इमो' म्हणजे बटाटाच ना?

प्रश्न: एका जपानी पाककृतीचं मराठी करतेय. 'जागाइमो' म्हणजे बटाटा एवढं ठाऊक होतं. साहित्यात 'सातोइमो' आलं, सातो म्हणजे खेडं, म्हणून 'गावठी बटाटा' लिहून मोकळी झाले. पण पुढे सूचना आहे की सोलताना हात खाजतील. बटाट्याने हात कधीपासून खाजायला लागले?

प्रतिसाद: अहो, ती अळकुडी! आपल्या अळूचाच कंद. 'इमो' म्हणजे नुसता कंद. कुठला, ते 'इमो'च्या आधीच्या शब्दावर. डोंगरातला तो यामाइमो, आपल्या कोनफळाचा भाऊबंद. तो कच्चाच किसतात आणि किसला की शेंबडासारखी तार सुटते (चव छान असते, उपमेला माफी). सात्सुमाइमो म्हणजे रताळं. जागाइमोतला 'जागा' हा जागातारा, म्हणजे जाकार्ता. डच जहाजांतून बटाटा तिकडून आला म्हणून. गंमत अशी की सात्सुमात, म्हणजे आजच्या कागोशिमात, त्याच रताळ्याला 'काराइमो' म्हणतात, चिनी कंद! माल ज्या दिशेने आला तिचं नाव. आपणही मंडईत 'इंदूर कसा दिला?' असंच विचारतो की.

प्रतिसाद: 'बटाटा' तरी कुठे स्वतःचं नाव घेऊन आला? आपल्याला तो शब्द पोर्तुगीजांनी दिला, त्यांना तो स्पॅनिशांकडून मिळाला, स्पॅनिशांना कॅरिबियन बेटांवर, आणि तिथे तो रताळ्याचा होता.

प्रश्नकर्ती: अळकुडी केलं. आता कोरोक्केच्या कृतीत 'दान्शाकु घ्या, मेकुइन नको' असं आहे. दान्शाकुला शब्दकोश 'उमराव' म्हणतो. उमराव उकडू?

प्रतिसाद: उकडा! कावादा र्‍योकिची नावाचे एक बॅरन होते, स्कॉटलंडात जहाजबांधणी शिकलेले. त्यांनी १९०८ साली होक्काइदोत परदेशी बेणं लावलं. त्यातली 'आयरिश कॉब्लर' जात तिथे रुजली आणि बॅरनचा बटाटा म्हणून दान्शाकु झाली. हा पिठूळ. उकडून पाणी काढायचं आणि पातेलं आचेवर हलवायचं, की अंगावर पांढरी पूड चढते. त्याला कोफुकिइमो म्हणतात. कोरोक्के म्हणजे ब्रेडक्रम्समध्ये घोळवलेलं पॅटिस, त्याला हाच हवा. मेकुइन म्हणजे इंग्लंडची 'मे क्वीन', लांबट, गुळगुळीत. ती निकुजागात, म्हणजे मांस-बटाट्याच्या रश्श्यात, शिजूनही फोड सोडत नाही. मी एकदा निकुजागात दान्शाकु घातला, पिठलं झालं.

प्रतिसाद: मेकुइनला 'मेणचट' लिहावं.

प्रतिसाद: नको! मेणचट ही मराठीत तक्रार आहे. वडा मेणचट लागला तर पाहुणा दुसरा घेत नाही. 'न फुटणारा' लिहा.

प्रश्नकर्ती: 'न फुटणारा' पक्कं. जातींची नावं भाषांतरित करू का? 'किताआकारी' म्हणजे उत्तरेचा उजेड, फार गोड वाटतं.

प्रतिसाद: कंसात द्या. कोणी 'हापूस'चं भाषांतर करतं का? आणि 'काताकुरिको' आलं तर सांभाळून. काताकुरी हे रानफूल, पूर्वी त्याच्या कंदाचं पीठ काढत. आता त्या नावाच्या पुडीत बहुतेक वेळा बटाट्याचंच सत्त्व असतं. 'बटाट्याचं सत्त्व' लिहा, नाहीतर वाचक फुलं शोधत बसतील.