मदत हवी आहे: सभेत काकांनी मला गप्प केलं, पण त्यांचं चुकलं नेमकं कुठे?

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचा ठराव मी मांडला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल कमी व्हावं, एवढाच हेतू. तळमजल्यावरच्या काकांनी तो दहा मिनिटांत उडवून लावला. उत्तर मला सुचलं रात्री अडीचला, तेही अर्धवट.

सुरुवातच "कालची पोरं आम्हाला शिकवणार?" अशी. मग "आज पॅनल, उद्या मोबाइलचा टॉवर, परवा गच्चीला कुलूप". मग "मागे लिफ्ट बदलली आणि महिन्याभरात पंप जळाला, या बिल्डिंगला नवीन काही मानवत नाही". मी म्हटलं, दिवसाची वीज फुकट पडेल. तर म्हणे, "फुकट ना? मग दर घरामागे पैसे कसले मागतोस?" सगळे हसले. मी चिडून म्हणालो, शेजारच्या तिन्ही सोसायट्यांनी बसवलंय, ते काय वेडे आहेत?

पुढच्या रविवारी परत सभा आहे. कुणी समजावेल का?

जुना_वादपटू: पहिलं म्हणजे मुद्दा सोडून माणसावर घसरणं. पंपाचं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. खरी गंमत 'फुकट'ची आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, याला वाक्छल म्हणतात: समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ धरणं. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातलं उदाहरण बघा: कुणी म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे कांबळं नवं आहे. पण संस्कृतात 'नव' म्हणजे नऊही. समोरचा म्हणतो, नऊ कुठेत, एकच तर दिसतंय! तुमचं 'फुकट' बिलापुरतं होतं, काकांनी ते पॅनलच्या खर्चाला चिकटवलं. अर्थात शब्द तुम्हीच ढिला सोडलात.

गच्चीवाली: टॉवरवाली घसरगुंडी दर वेळी खोटी असते असं नाही हं. मधल्या पायऱ्या विचारायच्या: टॉवरला वेगळा ठराव लागणार ना? मग पॅनलमुळे तो आपोआप कसा येईल? आणि 'तिन्ही सोसायट्यांनी बसवलंय' हा तुमचा स्वतःचा घोटाळा. चार जण करतात म्हणून ते बरोबर, असं होत नाही. काकांचे मुद्दे पोकळ निघाले म्हणून सोलर फायद्याचं ठरत नाही. त्यासाठी बिलं काढा, वर्षभराची.

धागाकर्ता: शेवटचं मान्य, लागलं. एक राहिलंच. काका निघताना म्हणाले, "गच्ची आत्ताच गळतेय, त्यात स्टँडसाठी भोकं पाडणार?" या दोषाला काय म्हणतात?

गच्चीवाली: याला काही म्हणत नाहीत. वॉटरप्रूफिंगवाल्याला रविवारच्या आत गच्चीवर घेऊन जा.