एएचयूएसचं खरं ओझं कशाचं: महागड्या इंजेक्शनचं की वाया गेलेल्या दिवसांचं?

ऐरोलीकर:
एएचयूएस (अटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम) या दुर्मिळ आजारात कॉम्प्लिमेंट ही शरीराची संरक्षणयंत्रणा बेताल होते. किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्यातून जाताना तांबड्या पेशी फाटतात. चर्चा मात्र कायम कॉम्प्लिमेंटला रोखणाऱ्या एक्युलिझुमॅब या इंजेक्शनच्या किमतीची. माझ्या मते किडनी त्याआधीच्या दिवसांत हातची जाते. पावसाळ्यात ठाण्या-कळव्यात प्लेटलेट उतरल्या की आधी डेंग्यूच आठवतो. पण डेंग्यूत रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतो. इथे हिमोग्लोबिन रोज उतरतं आणि किडनी बिघडल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन चढतं. एलडीएच (पेशी फुटल्याची खूण) खूप वर, कूम्ब्स (तांबड्या पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडीची चाचणी) निगेटिव्ह आणि काचपट्टीवर तुटक्या पेशी, की संशय घ्यायलाच हवा. चिठ्ठीवर ‘तुटक्या पेशी बघा’ असं स्पष्ट लिहून द्या. मशीन कधीकधी त्याच तुकड्यांना प्लेटलेट धरून आकडा वाढवून देतं.

पारसिक_७:
नाही पटत. जुलैत प्लेटलेट कमी आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार आधी करणार, आणि ते बरोबरच आहे. शिवाय निदान लवकर झालं तरी पुढे काय? 60 किलोच्या माणसाला एका प्लाझ्मा एक्स्चेंजला (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्याचा चढवायला) साधारण साडेतीन लिटर प्लाझ्मा लागतो, म्हणजे पंधराएक पिशव्या. सुरुवातीला हे रोज. पिशव्या गोठलेल्या, 37 अंशांवर वितळवायच्या. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, ओठांभोवती मुंग्या येतात. एवढं करूनही दोष जनुकात असेल तर गुण बहुतेकदा तात्पुरताच. इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं. 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातली मदत 50 लाखांपर्यंत, तीही यादीतल्या आजारांना आणि नेमलेल्या केंद्रांतूनच, आपल्याकडे परळचं केईएम. ती किती दिवस पुरणार?

ऐरोलीकर:
सगळ्यांचा दोष जनुकात नसतो. भारतातल्या मुलांत जवळपास निम्म्या रुग्णांत कॉम्प्लिमेंटला आवर घालणाऱ्या फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. तिथे प्लाझ्मा एक्स्चेंजला स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅबची जोड दिली की चांगला गुण येतो, पण सुरुवात लवकर झाली तर. आणि एडीएएमटीएस13 चा (टीटीपी या गुठळ्यांच्याच दुसऱ्या आजारात कमी पडणाऱ्या एन्झाइमचा) नमुना पहिली पिशवी चढवायच्या आधी, निळ्या झाकणाच्या नळीत घ्या. नंतर घेतला तर दात्याच्या प्लाझ्मातलं एन्झाइमही त्यात मोजलं जातं आणि टीटीपी आहे की एएचयूएस ते कळत नाही. ही चूक पैशाने भरून निघत नाही.

वाशी_सेक्टर_१७:
तुम्ही दोघंही दवाखान्यातलंच बोलताय. किडनी गेलेल्या माणसाचा आठवडा बघा. तीन डायलिसिस, प्रत्येकी चार तास. सरकारी योजनेत डायलिसिस बसतं, बुडालेला रोजगार बसत नाही. मशीनवरून उठल्यावर बीपी पडलेलं असतं आणि तसंच ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत शिरायचं. फिस्चुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर बीपीचा पट्टा नको, सुई नको, जड पिशवी नको. गर्दीला हे कोण सांगणार? घरचे म्हणतात, आई किडनी देईल. पण दोष फॅक्टर एचच्या जनुकात असेल तर आजार नव्या किडनीतही उलटू शकतो, आणि आईतही तोच दोष असला तर धोका तिलाही. एमसीपी या कॉम्प्लिमेंटला आवरणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा दोष वेगळा. ते प्रथिन किडनीच्या पेशींवरच असतं, त्यामुळे नवी किडनी सहसा टिकते. म्हणून दात्याची जनुक तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

ऐरोलीकर:
हे मान्य. ती तपासणी मीही वर धरायला हवी होती.

पारसिक_७:
म्हणजे फॅक्टर एचच्या रुग्णाला प्रत्यारोपण करायचं तरी आधी इंजेक्शनची सोय हवी, आणि त्याच्याही आधी मेनिंगोकोकलची लस, कारण इंजेक्शनने त्या जिवाणूचा धोका वाढतो. फिरून किमतीवरच आलो ना?