मदत हवी आहे: पीएस ४ (प्लेस्टेशन ४, गेम खेळायचा कन्सोल) जुन्या मॉनिटरला जोडलाय, चित्र येत नाही. आणि आवाजाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, अजून महिनाभर तरी त्याला आतल्या खोलीत पडून राहायचंय. टीव्ही बाहेरच्या खोलीत भिंतीवर पक्का बसवलेला. म्हणून त्याचा पीएस ४ स्लिम आत आणून कॉम्प्युटरच्या जुन्या मॉनिटरला लावायचं ठरवलं. दोन दिवस खटपट करतेय, पण जमत नाहीये.

मॉनिटर २२ इंची, रेझोल्यूशन १६८० × १०५०. मागे दोनच पोर्ट आहेत, निळा व्हीजीए आणि पांढरा डीव्हीआय. स्पीकर नाहीत, हेडफोन लावायची सोयही नाही. पीएस ४ला फक्त एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारं पोर्ट), म्हणून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी केबल आणली. तीच केबल लॅपटॉपला लावली तर चित्र लख्ख दिसतं, त्यामुळे केबल आणि मॉनिटर दोन्ही ठीक असावेत. पीएस ४ला लावली की त्याचा दिवा नेहमीसारखा पांढरा होतो, पण मॉनिटरवर नुसता काळा पडदा आणि इकडून तिकडे सरकणारी एक छोटी चौकट. थोड्या वेळाने मॉनिटर झोपी जातो.

चित्र कसं आणू? आणि आवाज कुठून घेऊ? बाहेरच्या टीव्हीवर सगळं व्यवस्थित चालतं. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. तो दिवसभर छताकडे बघत पडलेला असतो, मला बघवत नाही.

प्रतिसाद १

लॅपटॉप आहे ना? मग पीएस ४ची एचडीएमआय केबल सरळ लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावा, त्याचाच पडदा वापरता येईल.

प्रतिसाद २

वरचा उपाय करू नका, वेळ जाईल. लॅपटॉपचं एचडीएमआय बहुतेक सगळ्या मशीनवर फक्त बाहेर चित्र पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. आत घ्यायचं तर कॅप्चर कार्ड, म्हणजे बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं वेगळं उपकरण, लागतं. रिमोट प्ले नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून नेटवर्कवरून खेळता येतं, पण वाय-फाय कमजोर असेल तर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते.

मूळ प्रश्नाबद्दल: त्या सरकत्या चौकटीत नेमकं काय लिहिलंय? शब्द न् शब्द सांगा, सगळं त्यावर अवलंबून आहे. ‘नो सिग्नल’ असेल किंवा काहीच न येता नुसतं काळं असेल तर माझा संशय एचडीसीपीवर. ती नक्कल रोखणारी व्यवस्था आहे आणि काही जुन्या डीव्हीआय मॉनिटरांना ती कळत नाही. ‘आउट ऑफ रेंज’ असेल तर गोष्ट वेगळी.

धागालेखिका

आत्ता मुद्दाम जवळ जाऊन वाचलं. ‘आउट ऑफ रेंज’ आणि त्याखाली ‘६७.५ किलोहर्ट्झ, ६० हर्ट्झ’.

प्रतिसाद २

मग सापडलंच. ६७.५ किलोहर्ट्झ ही १०८०पीची, म्हणजे १०८० आडव्या ओळींच्या चित्राची, खूण आहे. १०८०पीमध्ये दिसणाऱ्या ओळी १०८०, पण न दिसणाऱ्या धरून एकूण ११२५ असतात. त्या सेकंदाला ६० वेळा म्हणजे ६७,५००. तुमच्या मॉनिटरला मुळात १०५०च ओळी आहेत. काही मॉनिटर असं मोठं चित्र आकसून घेतात, तुमचा नाकारतोय. सिग्नल पोचतोय, तेव्हा केबल बदलू नका.

टीव्हीवर कधीतरी रेझोल्यूशन हाताने १०८०पी ठेवलं गेलं असणार. पीएस ४ परत टीव्हीला लावा. सेटिंग्ज, मग साउंड अँड स्क्रीन, मग व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज, तिथे रेझोल्यूशन ७२०पी करा. बाहेर आणलाच आहे तर सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये ‘एनेबल एचडीसीपी’ची खूणही काढून ठेवा. गेम त्याशिवाय चालतात, सिनेमांची ॲप मात्र चालणार नाहीत. मग पूर्ण बंद करून, रेस्ट मोडमध्ये न ठेवता, आत न्या.

ज्यांच्याकडे टीव्ही नाही त्यांच्यासाठी: बंद असताना पॉवर बटण सुमारे ७ सेकंद, दुसरी बीप ऐकू येईपर्यंत दाबून धरायचं. सेफ मोड सुरू होतो आणि तिथे रेझोल्यूशन बदलायचा पर्याय मिळतो. कंट्रोलर त्यावेळी यूएसबी वायरने जोडलेला हवा.

धागालेखिका

आलं!! मनापासून आभार. रेझोल्यूशन खरंच १०८०पीवर होतं, भावानेच कधीतरी केलेलं.

पण आता फुटबॉलचा चेंडू अंड्यासारखा उभट दिसतोय आणि काळा रंग राखाडी वाटतोय.

प्रतिसाद ३

चेंडूचं कारण पडद्याचं प्रमाण. पीएस ४चं चित्र १६:९, तुमचा मॉनिटर १६:१०, त्यामुळे चित्र उभं ताणलं जातंय. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी मेनू उघडा, ‘फुल’ऐवजी ‘आस्पेक्ट’ निवडा. वर-खाली मिळून १०५ ओळी काळ्या राहतील, चेंडू गोल होईल. राखाडीपणासाठी पीएस ४च्या व्हिडिओ आउटपुट सेटिंग्जमध्ये आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंगांचा पल्ला) ‘फुल’ करून बघा. टीव्हीची मर्यादित रेंज कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर अशीच धुरकट दिसते.

आवाज तुमच्या डीव्हीआय पोर्टातून येणार नाही, आणि स्लिमला आवाजासाठीचं वेगळं ऑप्टिकल पोर्टही नाही. सगळ्यात सोपं म्हणजे कंट्रोलरच्या खालच्या ३.५ मिमी जॅकमध्ये हेडफोन लावा. सेटिंग्ज, डिव्हायसेस, ऑडिओ डिव्हायसेस, तिथे ‘आउटपुट टू हेडफोन्स’ला ‘ऑल ऑडिओ’ निवडा. हे न केल्यास फक्त इतर खेळाडूंशी होणाऱ्या गप्पांचा आवाज येतो आणि लोक जॅक बिघडला समजतात.

दोघांना ऐकायचं असेल तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घ्या. छोटी डबी असते, पीएस ४ आणि तुमच्या केबलच्या मध्ये बसते, चित्र पुढे जाऊ देते आणि आवाज बाजूच्या जॅकमधून स्पीकरला देते. घेताना ३.५ मिमी जॅक आहे ना, ते बघून घ्या.

धागालेखिका

‘आस्पेक्ट’ केलं, चेंडू गोल झाला. रंगही सुधारले, रात्रीच्या मैदानाचं काळं आकाश आता काळंच दिसतं. हेडफोन सध्या त्याच्याकडे आहे आणि मी दुसरा कंट्रोलर घेऊन आवाजाशिवाय खेळतेय. गोल झाला की तो ओरडतो, त्यावरून कळतं. एक्स्ट्रॅक्टर मागवलाय, लावल्यावर इथेच लिहीन.