'हकलबेरी फिन' वर्गात सक्तीने वाचायला लावावी का?

पाटीपेन्सिल: अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथच्या शाळांनी २०१८ मध्ये मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' आणि हार्पर लीची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबऱ्या सक्तीच्या वाचनातून काढून ऐच्छिक केल्या. मला हे पटत नाही. 'हकलबेरी फिन'च्या ३१व्या प्रकरणात गोरा मुलगा हक पळालेल्या गुलामाचा, जिमचा, ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो आणि फाडून टाकतो, वर नरकात जायचीही तयारी ठेवतो. मुलांना एवढंच विचारा: गुलामाला मदत करणं पाप आहे, हे त्याला शिकवलं कुणी? तास रंगतोच.

उंबरठा: रंगतो, पण मन बदलतं ते गोऱ्या मुलाचं. जिमच्या वाट्याला शेवटी कोठडी. मालकिणीच्या मृत्युपत्राने तो मुक्त झालाय हे हकच्या मित्राला, टॉम सॉयरला, ठाऊक असतं, तरी तो सुटकेचा खेळ मांडतो आणि वर्ग हसतो. त्यात कृष्णवर्णीयांना दिली जाणारी ती शिवी दोनशेहून जास्त वेळा. वर्गात एकच कृष्णवर्णीय मुलगी असेल तर दर वेळी माना तिच्याकडे वळणार. त्यापेक्षा गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मचरित्र लावा. मालकिणीने मुळाक्षरं शिकवली, नवऱ्याने ते बंद पाडलं, मग गल्लीतल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन हा वाचायला शिकला.

पाटीपेन्सिल: २०११च्या एका आवृत्तीने ती शिवी २१९ ठिकाणी काढून 'गुलाम' घातलं. शिवी गेली की ती सहज तोंडात खेळवणारा समाजही धुऊन निघतो. छापलेली राहू दे, मोठ्याने कुणी वाचायची नाही, शिक्षकानेही नाही. आणि हे पुस्तक उघडण्याआधी सांगायचं, पालकांनाही.

तिसरा बाक: खरी गोची स्वाध्यायात आहे. 'हकला काय वाटलं असेल?' विचारलंत की कळवळ्याचे निबंध येतात, चिकित्सा शून्य. १५व्या प्रकरणातलं पान घ्या, धुक्यात ताटातूट झाल्यावर हक जिमची चेष्टा करतो ते. दोन रकाने: जिम स्वतः काय बोलतो, हक त्याच्याबद्दल काय सांगतो. इथे जिम मित्राची चेष्टा करणाऱ्याला सरळ कचरा म्हणतो, हक माफी मागतो. मग ३८वं प्रकरण, तेच रकाने. तिथे तोच जिम कुरकुरत का होईना, टॉमच्या हट्टांपुढे मान तुकवतो. आता प्रश्न: जिम बदलला, की लेखकाने त्याला बदललं? इथे मुलं पात्राला सोडून लेखकाला जाब विचारू लागतात.

उंबरठा: झकास. पण मग दोन पानांच्या झेरॉक्स पुरेत की! उरलेले आठवडे डग्लसला द्या.

पाटीपेन्सिल: मधलं ३१वं न वाचता ती घसरण कळणार कशी? असे सुटे उतारे वाचूनच तर ही कादंबरी इतकी वर्षं 'मैत्रीची गोष्ट' म्हणून खपलीय.