मदत हवी आहे: गोळ्या घेतल्या म्हणजे विश्वास कमी का?

सलाम मंडळी. नोकरी बदलल्यापासून रात्री छातीत धडधडतं, हातांना घाम येतो. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी ॲन्झायटी (चिंतेचा आजार) सांगून गोळ्या आणि समुपदेशन सुचवलंय. चर्चमधल्या एक मावशी म्हणतात, "फिलिप्पैकरांस ४:६ वाच, विश्वास कमी पडतोय तुझा." वाचते हो, बायबलमधलं ते 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' वचन रोज वाचते! पण बायबलमध्येच, १ राजे १९ मध्ये, मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मग गोळी म्हणजे अविश्वास कसा?

औषध आणि प्रार्थना दोन्ही सांभाळलेल्यांनी सांगा: धडधड सुरू झाली की कोणतं स्तोत्र म्हणता, मोठ्याने की मनात? उपासनेतून मध्येच उठावं लागतं, तर पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवू का? आणि पुण्यात श्रद्धेची टिंगल न करणारा समुपदेशक कसा शोधायचा?