मदत हवी आहे : किनाऱ्यावरच्या जांभळ्या वेलीच्या बिया रुजत नाहीत

मांद्रेकर_भाट : गोव्यात मांद्र्याला समुद्राला लागून आमचं माडांचं भाट (बागायत) आहे, दर पावसात पुढची वाळू ढासळते. तिथे ती जांभळ्या फुलांची वेल लावायचीय. बिया पेरल्या, काही कुजल्या, बाकीच्या खड्यासारख्या तशाच पडून. पाऊस संपायच्या आत व्हायला हवं, प्लीज लवकर सांगा.

आगरवाडा : कुठली वेल? मर्यादवेलीचं फूल पण जांभळंच. तिचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं असतं. फोटो टाका ना.

मांद्रेकर_भाट : मर्यादवेल नाही हो! तीन-तीन पानं, गोलसर जाड, शेंगा आबईसारख्या.

काणकोण_ताई : मग ती कॅनव्हॅलिया रोझिया, आबईच्याच कुळातली, वर्षानुवर्षं टिकणारी. फूल जवळून बघा, वाल-चवळीत मोठी पाकळी वर असते, हिची खाली. बिया समुद्रावर तरंगत लांबलांब जातात, त्यामुळे कवच भयंकर टणक, पाणी आत शिरतच नाही. पेरल्या कशात ते सांगा.

मांद्रेकर_भाट : कुंडीत, माती शेणखत घालून. रोज पाणी देतोय.

आगरवाडा : शेणखत अजून वाढवा, आमचा वाल त्याच्यावरच जोरात येतो.

काणकोण_ताई : दादा, वालाचं इथे नका लावू. ही उघड्या रेतीत वाढते, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, तिला खत कशाला? बी वाळून तपकिरी झालेल्या शेंगेतलंच घ्या, हिरव्या शेंगेतलं कुजतं. डोळा (बी शेंगेला चिकटलेलं असतं ती खूण) सोडून एका बाजूला सँडपेपरने कवच घासा, आतलं पांढरं जेमतेम दिसलं की थांबा. रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेल्याच पेरा, नुसत्या वाळूत, भर उन्हात.

फुलवेडी : त्यापेक्षा गोकर्ण लावा, कुंपणावर मस्त चढते.

बाबलो_पेडणे : ह्या शेंगांची भाजी करतात का?

काणकोण_ताई : नको! भाजी कोवळ्या आबईची करतात, हिच्या कच्च्या बिया विषारी असतात.

आगरवाडा : मी तर म्हणतो सरळ चिऱ्यांची भिंत घाला, वेलीने काय अडणार.

काणकोण_ताई : भिंतीवर आपटून लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, शिवाय वाळूच्या टेकड्या सीआरझेड १ मध्ये (किनारा नियमांतल्या सगळ्यात कडक पट्ट्यात) येतात, तिथे बांधायला परवानगी नाही. वेल पसरली की उडती रेती तिच्यात अडकून साठते. आणि मांद्रे, मोरजी, गालजीबागला कासवं अंडी घालतात, भरतीरेषेजवळ खणू नका, तिथल्या वेली उपटून पण आणू नका. बिया घासल्यात का आधी?

मांद्रेकर_भाट : नाही, आज घासतो. सँडपेपर कितीचा घेऊ?